उजव्या पायातलं कडं

मी पायाळू जन्मले. डोकं आधी यायचं ते माझे पाय आधी आले, एवढीच काय ती गोष्ट. त्यात माझा काही हात नव्हता आणि मायचाही नव्हता. पण आमच्या गावात एवढ्याशा गोष्टीवर माणसाचं सगळं ठरवून टाकत. पायाळू माणसाच्या पायात गुण असतो, त्यानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे एक. आणि पायाळू माणसाला वीज ओढते, ढग आले की ती त्यालाच हुडकत येते, हे दुसरं. पहिल्या गोष्टीचा फायदा सगळ्या गावानं घेतला. दुसरीचा तोटा मी एकटीनं सोसला. आता माझे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी हे आठवलं की कानशिलं तापतात. घरात कुणी नसलं की मी लिहायला बसते. चौथीपर्यंतच शिकलेली बाई, अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली घसरते. घसरू दे. कुणाला दाखवायचं नाही.

आमचं गाव उमापूरच्या अंगाला. गावाच्या शेवटाला आमचं धाब्याचं घर, पुढं ओसरी, ओसरीला दगडाची एक पायरी. घरात अण्णा, माय, मी, धाकटा दत्ता आणि अण्णांची थोरली बहीण, आमची आत्याबाई. आत्याबाईचा नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरीच राहिली आणि घरातला शेवटचा शब्द तिचाच झाला. सकाळी उठलं की तिचा आवाज आधी, मग कोंबड्याचा. माय चुलीपुढं भाकरी थापायची, तो थप थप आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. येसर कुटायचं असलं की आदल्या दिवशीच सगळ्या गल्लीला वास लागायचा. माय गहू, हरभरा, धने, खोबरं, मिरच्या सगळं वेगवेगळं भाजायची, आणि मी उखळापाशी बसून शिंकायची. आत्याबाई म्हणायची, "शिंक की तिकडं तोंड करून! सगळ्या गावाला तुझा शेंबूड खाऊ घालती का?"

या सगळ्या आवाजांत माझाही एक आवाज होता. माझ्या उजव्या पायात लोखंडाचं कडं होतं. मी अगदी लहान असताना आमच्या पलीकडच्या शेतात लिंबाच्या झाडावर वीज पडली. झाड मधोमध उभं चिरलं. आत्याबाईनं ते पाहिलं आणि घरी येऊन अण्णांना म्हणाली, "आज झाडावर पडली, उद्या पोरीवर पडंल. लोखंड घाल हिच्या पायात. लोखंड असलं म्हंजी ती दबून ऱ्हाती." लोहाराकडून करंगळीएवढ्या जाडीचं कडं करून घेतलं आणि त्यानं ते माझ्या पायात ठोकून बसवलं. वाढत्या पायाचं म्हणून ढिलं ठेवलं होतं, पण टाचेवरून निघेल इतकं नाही. पैंजण कसे छुम छुम वाजतात. हे दगडाला लागलं की खट् वाजायचं. मी पायरी चढले, खट्. मी उकिडवी बसले, खट्. मी मुळातच लाजरी. पाहुणे आले की दाराआड व्हायची, कुणी नाव विचारलं तर वेणीचं टोक चावायची. अशा पोरीला देवानं, नाही, देवानं कशाला, आत्याबाईनं असं काही पायात घातलं की तिला कुठं लपताच येऊ नये. मी दाराआड उभी असले तरी पाहुणे विचारायचे, "कोण हाय गं तितं?"

उसण भरलेली माणसं सकाळी सकाळी यायची. कुणी पाण्याची घागर उचलताना, कुणी मोठ्याच्या मोठ्या कडब्याच्या पेंढ्या फेकताना, तर कुणी नुसतं शिंकताना आखडलेलं. वाकडी होऊन, कमरेवर हात ठेवून, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेत यायची आणि ओसरीवर उंबऱ्याकडं डोकं करून पालथी पडायची. मी भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि उजवा पाय त्यांच्या पाठीला तीनदा लावायची. लाथ म्हणत, पण लाथ नव्हे ती. नुसतं तळपाय टेकवणं. मग ते माणूस काही न बोलता उठून जायचं, कारण बोललं की गुण जातो म्हणत. कधी कुणी गुळाचा खडा ठेवून जायचं. मला त्याची फार लाज वाटे. बापाच्या वयाच्या माणसाला पाय लावायचा! पण आत्याबाई डोळे वटारायची, "पाय लाव! देवानं दिलंय ते अडवून धरू नई." गुळाचा खडा दत्ता खायचा.

एवढा गुण देणारा पाय, पण आभाळात ढग आला की तोच पाय सगळ्यांना नकोसा व्हायचा. वळवाच्या दिवसांत दुपारी हवा कोंदली, पश्चिमेकडून काळं आलं, की शाळेच्या अंगणातल्या पोरी माझ्यापासून लांब सरकायच्या. मुद्दाम दुष्टपणानं नव्हे. त्यांच्या आयांनीच तसं शिकवलेलं. फुगडी चालू असताना हात सुटायचे आणि माझ्या सभोवती रिकामी जागा तयार व्हायची, शेणानं सारवलेल्या अंगणात कुणी रेघ मारावी तशी. मी मधे एकटी उभी. मग घरून आत्याबाई धावत यायची, दंडाला धरून न्यायची, कणगीच्या मागं घोंगडीवर बसवायची आणि वीज दबून राहावी म्हणून अंगणात विळा फेकायची. मी अंधारात कडं चाचपत बसायची. मला विजेची भीती कधी वाटलीच नाही. त्या रिकाम्या जागेची वाटायची.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून दहावीपर्यंतची शाळा पलीकडच्या गावात, मधे उघडा माळ. त्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर आमच्या गावात राहत. गाव त्यांना सायन्समास्तर म्हणे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, सायकलच्या दांडीला नायलॉनची पिशवी. बोलणं शुद्ध. कुणाचा रेडिओ बिघडला, कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचून हवं असलं, की मास्तरांकडं. त्यांची मुलगी सुलभा माझ्याच वर्गात होती, आणि पोरींमधे तीच एक मला कधी कधी चिंचा द्यायची.

एका हिवाळ्यात मास्तरांनाच उसण भरली. सायकल चिखलातून उचलताना भरली म्हणे. मला वाटलेलं, शिकलेला माणूस, डॉक्टरकडं जाईल. पण ते सकाळीच आमच्या ओसरीवर आले, अगदी काटकोनात वाकलेले. आत्याबाईला कोण आनंद झाला! "या या गुरुजी! आमची कवसा हाय की." कवसा म्हणजे मी, कौसल्या. मास्तर कण्हत पालथे पडले. गुरुजींना पाय लावायचा म्हणजे! मी इतक्या हळू पाय टेकवला की त्यांना कळलंच नाही बहुतेक. ते म्हणाले, "अगं, लाव की नीट." मी लावला. तेव्हा ते मान तशीच खाली ठेवून म्हणाले, "ते कडं जरा वर सरकव बाळ, टोचतंय पाठीला." मी वाकून कडं पोटरीकडं सरकवलं आणि पुन्हा दोनदा पाय लावला. हे वाक्य वाचणाऱ्यानं, म्हणजे मीच, लक्षात ठेवायचं आहे. ते कडं जरा वर सरकव, टोचतंय.

त्या उन्हाळ्यात मी चौथी पास झाले. आमच्या शाळेच्या बाई घरी येऊन अण्णांना सांगून गेल्या की कौसल्याचं गणित चांगलं आहे, तिला पाचवीत घाला. मायनं तर नव्या परकराचं कापडसुद्धा हेरून ठेवलं होतं. गावातून पाचवीला जाणाऱ्या आम्ही मोजक्या पोरी. सगळ्यांनी मिळून माळावरून चालत जायचं, असं ठरत होतं. तेव्हा शेजारची गोदाकाकू बाकीच्या पोरींच्या दोघीतिघी आयांना घेऊन आमच्या ओसरीवर आली.

"वैनी, राग धरू नका," गोदाकाकू मायला म्हणाली, "कवसाचं वाईट व्हावं आसं आमाला न्हाई वाटत. पन पोरी एका वाटंनं जानार. माळावर झाड न्हाई का खोपट न्हाई. हिला वीज वडायची आन् जळायच्या आमच्या."

"आजपत्तर वढली का?" माय म्हणाली.

"घरात बसिवता म्हनून न्हाई वढली. तितं माळावर कुटं बसिवता?"

"शिकू द्या की वो तिला. पायाळू हाय, पांगळी न्हाई."

आत्याबाई आतून म्हणाली, "लई तोंड चालायलंय तुजं. उद्या कुनाचं लेकरू गेलं तर गाव आपल्याला ऱ्हाऊ देईल का?"

अण्णा खांबाला टेकून बसले होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुणीतरी ठरवून द्यावं असं वाटे. ते म्हणाले, "मास्तरला इचारू. त्यो सायन्स शिकिवतो. त्यो म्हनंल तसं."

मला आठवतं, मला किती बरं वाटलं होतं. मास्तर शिकलेले. मास्तर म्हणतील, असं काही नसतं. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात पाचवीच्या वर्गात जाऊन बसलेसुद्धा.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले ते शाळेतली एक पितळी डबी घेऊन. डबीला वर काच आणि काचेखाली सुई, तिचं एक टोक लाल. ओसरीवर बाया, पायरीवर पोरं, अंगणात दोनचार गडी. मास्तरांनी डबी दगडाच्या पायरीवर ठेवली. सुई थरथरली आणि उभी राहिली. "हे उत्तर दाखवतं," ते म्हणाले. "चुंबक जवळ आलं की ही हलते. आपण उगाच बोलत बसण्यापेक्षा प्रयोगच करू. प्रयोग खोटं बोलत नाही."

मला डबीजवळ बसवलं. माझा परकर घोट्याच्या खाली होता, तो मी आणखी खाली ओढला. मास्तर म्हणाले, "उजवा पाय पुढं घे. आणखी जवळ." मी पाय सरकवला, आणि सुईचं लाल टोक हळूच वळून माझ्या पायाकडं आलं. सगळी ओसरी 'आ' करून राहिली. गोदाकाकूनं तोंडावर पदर धरला. मास्तरांनी मला दुसऱ्या बाजूला बसवलं. तिकडून पाय नेला तर सुईचं पांढरं टोक वळून आलं.

"बघा," मास्तर म्हणाले, "हे टोकही ओढलं आणि तेही ओढलं. काय जबर आहे!"

माझी माय मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा पाय लावून बगा की. कुनाच्याबी पायाला हालत असंल ती."

"बरोबर बोललात," मास्तर म्हणाले आणि चप्पल काढून त्यांनी आपला पाय डबीला लावला. सुई हलली नाही. मग गोदाकाकूचा लावला. नाही. दत्ताचा लावला, दत्ता गुदगुल्या झाल्यासारखा हसला, पण सुई जागची हलली नाही. पुन्हा माझा. लगेच वळली.

मास्तर उभे राहिले. "मी काही अंधश्रद्धेचं बोलत नाही," ते म्हणाले. "हे शास्त्र आहे. पायाळू माणसाच्या अंगात चुंबकत्व असतं, आणि वीज चुंबकाकडं ओढली जाते. तिनं उघड्या माळावरून जाऊ नये. तिच्याच भल्यासाठी सांगतो."

मायनं माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडं आधी कधीच पाहिलं नव्हतं. आत्याबाई हजारदा बोलली तरी ती मानत नव्हती, पण आता तिनंच परीक्षा सांगितली होती आणि तिच्याच डोळ्यांदेखत सुई वळली होती. ती उठून आत गेली. परत तिनं माझ्या शाळेचं नाव काढलं नाही. शाळा गेली त्याचं दुःख आहेच. पण घरात माझ्या बाजूनं बोलणारी एकच बाई होती, तीही त्या दुपारी मास्तरांनी माझ्याकडून काढून घेतली, त्याचा राग जास्त आहे.

दोन दिवसांनी सुलभा विहिरीवर भेटली. तिनं परकराची टाचणी काढली आणि म्हणाली, "तुझ्यात चुंबक हाय ना? मग ही चिकटवून दाखीव." टाचणी तिनं माझ्या हाताला लावली, पडली. पायाला लावली, पडली. कड्याला लावली, तिथूनही पडली. आम्ही दोघी टाचणीकडं बघत बसलो.

"चिकटत न्हाई की," मी म्हणाले.

"न्हाईच चिकटत."

"मग तुज्या बाबाला सांग की."

"मारतील," सुलभा म्हणाली, आणि टाचणी परत परकराला लावून, घागर घेऊन गेली. जूनमधे ती पाचवीत गेली. रोज सकाळी पोरींचा घोळका आमच्या घरावरून जायचा, आणि मी शेणाची पाटी घेऊन भिंतीला चिकटून उभी राहायची. कडं वाजू नये म्हणून पाय हलवायची नाही. पुढं दत्ता त्याच माळावरून, त्याच ढगांखालून दहावीपर्यंत गेला. मी त्याची भाकरी बांधून द्यायची.

लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी सांगितलं, नवरीच्या पायात लोखंड नको, अपशकुन दिसतो. मग ज्या कड्यावाचून मी मरणार होते ते कडं लोहारानं छिन्नीनं तोडून काढलं. आत्याबाईचा हिशेब सरळ होता. पोरगी आता दुसऱ्याच्या घरची, वीज पडली तर तिकडं पडेल. घोट्यावर पांढरा पट्टा राहिला होता, तो पुष्कळ दिवस गेला नाही. कडं मायनं चिंधीत बांधून माझ्या पेटीत ठेवलं. मी सासरी पालीला आले, इथंच संसार झाला. पायाळू असल्याचं इथंही कळलं, अशा गोष्टी माणसाच्या आधी पोचतात. उसणवाली माणसं इथंही यायला लागली. मी पाय लावत राहिले. नाही म्हणायचं मला कधी जमलंच नाही. आणि मनातून, खरं सांगते, मलाही ते पटलेलं होतं. सुई वळलेली मी पाहिली होती ना. टाचणी पडलेलीही पाहिली होती, पण टाचणी सुलभाची आणि सुई मास्तरांची. इतकी वर्षं मी माझ्या अंगाला एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूसारखं वागवलं. ढग आले की लेकरांना जवळ घेतलं नाही. माझीच लेकरं! ती पावसात भिऊन माझ्याकडं धावायची आणि मी त्यांना त्यांच्या बापाकडं ढकलायची. याचा हिशेब कुणाकडं मागू?

मागच्या महिन्यातली गोष्ट. माझी नात ऋतुजा यंदा दहावीला आहे. रविवारी सकाळी ती फरशीवर पसारा मांडून बसली होती. पट्टीसारखं एक चुंबक, त्यावर कागद, आणि कोपऱ्यावरच्या ग्रिलच्या दुकानातून आणलेला लोखंडाचा कीस. मी शेंगा फोडत बसले होते. तिनं कीस भुरभुरला, कागदाला टिचकी मारली, आणि त्या किसाच्या रेघा झाल्या. एका टोकातून निघून वळसा घेऊन दुसऱ्या टोकाकडं जाणाऱ्या, विंचरलेल्या केसांसारख्या. कुणी हात लावला नव्हता.

"काय गं हे?" मी विचारलं.

"चुंबकीय क्षेत्र. म्हणजे आजी, चुंबक नुसतं तेवढ्या पट्टीतच नसतं. त्याच्या आजूबाजूच्या जागेतपण त्याचा जोर असतो. डोळ्याला दिसत नाही, किसानं दिसतो."

मग तिनं तशीच एक डबी काढली. काचेखाली सुई, एक टोक लाल. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं डबी चुंबकाभोवती फिरवली, सुई प्रत्येक जागी वेगळी वळली, आणि ती टिंबं काढत गेली. मला कळायला लागलं, हळूहळू का होईना. जागा रिकामी दिसते, पण रिकामी नसते, तिला दिशा असते. मला शाळेचं अंगण आठवलं, माझ्याभोवतीची ती जागा. तिथंही जोर होता. तो माझ्या अंगातून निघत नव्हता, लोकांच्या तोंडातून निघत होता.

"ऋतू," मी म्हणाले, "माणसाच्या पायात चुंबक असतं का गं?"

ती हसली. "कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. "आजी, दोन्ही टोकं ओढली म्हणतेस? नक्की?"

"लालबी आन् पांढरंबी."

"मग ते चुंबक नव्हतंच. हे बघ." तिनं चुंबकाचं एक टोक सुईच्या लाल टोकाजवळ नेलं, सुई फिरून पळाली. दुसरं टोक नेलं, चिकटायला आली. "चुंबक असेल तर एका टोकाला ओढतं आणि दुसऱ्याला ढकलतं. दोन्ही टोकांना ओढतं ते साधं लोखंड. ढकललं तरच चुंबक म्हणायचं, हीच तर खूण आहे. हे आम्हाला खालच्याच वर्गात होतं. तुझ्या पायात लोखंडाचं काही होतं का?"

मी उठले, पेटीतून चिंधी काढली. कडं गंजलेलं, तोडलेल्या जागी उघडं. ऋतुजानं ते डबीपाशी नेलं. लाल टोक आलं. दुसऱ्या बाजूनं नेलं, पांढरं आलं. मग तिनं ते लांब ठेवून दिलं आणि म्हणाली, "आता पाय लाव." मी उजवा पाय लावला. सुई हलली नाही. मी पाय आणखी जवळ नेला, डबीला टेकवला. सुई उत्तरेकडं बघत उभी होती. मी कोण, कशी जन्मले, तिला काही पडलेलं नव्हतं.

खालच्याच वर्गात होतं. म्हणजे मास्तर हे दरवर्षी शिकवत होता. दरवर्षी फळ्यापुढं उभा राहून पोरांना सांगत होता की दोन्ही टोकं ओढली तर ते चुंबक नव्हे. आणि माझ्या पायात लोखंड आहे हे त्याला माहीत होतं, त्याच्या स्वतःच्या पाठीला ते टोचलं होतं. आता यापुढं मी त्याला अहोजाहो लिहिणार नाही. पुष्कळ झालं. 'कडं तोडा आणि पोरीला शाळेत पाठवा' एवढं एकच वाक्य त्यानं म्हणायचं होतं. अण्णांनी ऐकलं असतं, मायनं तर लगेच लोहार बोलावला असता. का म्हणाला नाही? त्याची सुलभा त्याच वाटेनं जाणार होती, आणि मनातून तोही गोदाकाकूइतकाच भीत होता, असं मला वाटतं. भीत होता तर भितो म्हणायचं. गोदाकाकू निदान तोंडावर म्हणाली. यानं आपल्या भीतीला शास्त्र म्हटलं, आणि शास्त्र म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी कुणाकडं जायचं? आत्याबाईशी भांडता येत होतं. डबीतल्या सुईशी माय कशी भांडणार? माय गेली, तिला हे कळलंच नाही. तिला वाटत राहिलं की पोरीत खरंच काही आहे. मास्तरही गेला असेल. जिवंत असो किंवा गेलेला असो, मी क्षमा केलेली नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारचा रामकिसन आला. हाच रामकिसन पाऊस आला की भिंतीवरून ओरडतो, "काकू, गच्चीवर नका जाऊ, आपली घरं चिकटून हायेत." पाण्याची मोटार उचलताना त्याला उसण भरली होती. आल्या आल्या तो दारात पालथा पडला. "काकू, लवकर पाय लावा, जीव चाललाय."

मी म्हणाले, "दवाखान्यात जा रामकिसन."

"आँ? कावून? काय चुकलं का माजं?"

"माज्या पायात काही न्हाई."

"असं कसं? तुमी पायाळू. तुमच्या अंगात चुंबक हाय, समद्या पालीला ठावं हाय."

"न्हाई. पायात लोखंड होतं. लग्नात कापून काढलं."

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझा आवाज त्यानं इतका मोठा कधी ऐकला नव्हता, मीही नव्हता ऐकला. "पन काकू, इतकी वर्सं तर तुमी..."

"इतकी वर्सं मला कुनी सांगितलं न्हाई."

तो तसाच पडून राहिला, मी विचार बदलीन या आशेनं. मला अंगणात वाळत घातलेल्या शेंगा गोळा करायच्या होत्या, पश्चिमेकडून काळं येत होतं, आणि तो दारात आडवा. पडलेल्या माणसाला ओलांडू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी लुगडं सावरलं आणि त्याला ओलांडून बाहेर गेले. कुठं खट् वाजलं नाही.